एकशे बावन्न पावलांची दुर्बीण

भगवंतराव पाटलांच्या म्हशीचं शिंग उडालं, तेव्हा आमचे हे म्हणाले, चूक बंदुकीची आहे. मी म्हटलं, बरं.

‘हे’ म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, सासऱ्याचं तर नाहीच नाही. तेव्हा ही गोष्ट सांगताना मी ‘हे’च म्हणणार, कुणाला अडचण वाटली तर वाटो. वलगावात त्यांना सगळे ‘बंदूकवाले’ म्हणत. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनातला गोरा इंजिनेर विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. शहाणी माणसं पलंग घेत होती, कपाटं घेत होती. आमच्या ह्यांनी रायफल घेतली. दस्त्याला चरा पडलेला, पट्टा उंदरांनी खाल्लेला, पण नळी सरळ होती आणि हे नेम धरून बसले की डुक्कर आडवं झालंच म्हणून समजा.

आमचं वावर पेढी नदीच्या काठाला. रताळी, भुईमूग, थोडी वांगी. नदीच्या बाभुळबनात रानडुकरं राहायची आणि त्यांना रताळ्यातलं जेवढं कळतं तेवढं अमरावतीच्या गिऱ्हाइकांनाही कळत नाही. एका फेरीत अर्धा एकर उकरून जायची. म्हणून बंदूक, म्हणून सरकारी परवाना, आणि म्हणून गावात ह्यांची ऐट.

पण दोन वर्षं झाली, ह्यांचा नेम चुकायला लागला होता. मला कारण ठाऊक होतं. ह्यांना चाळिशी लागली होती. दूरचं अजून लख्ख दिसायचं. नदीपलीकडून कोण चाललंय ते पायातल्या वहाणांसकट सांगायचे. पण ताटातला खडा दिसायचा नाही. बंदुकीच्या नळीच्या टोकावर एक बारका दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. ती माशी डुकरावर टेकवायची आणि घोडा ओढायचा, एवढंच नेमाचं शास्त्र. ती माशीच ह्यांना धूसर दिसायला लागली, तर बिचारं डुक्कर तरी काय करणार!

हे म्हणायचे, “माशी झिजली.”

एकदा मी मुद्दाम सुई ओवायला दिली. बराच वेळ तोंडात दोरा धरून बसले आणि म्हणाले, “सुईचं भोक बुजलं हाये.”

अशा माणसाशी काय बोलायचं! आणि त्याच आठवड्यात ह्यांनी डुकरावर गोळी झाडली आणि पाटलांची म्हैस दीड शिंगाने घरी गेली. पाटील शिंगाचा तुकडा फडक्यात बांधून तहसिलीत पोचले. तिथून हुकूम आला: डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला अमरावतीला पोलिसांच्या मैदानावर हजर व्हा, साहेबांसमोर तीन गोळ्या झाडा, दोन लागल्या तर परवाना नवा, नाहीतर बंदूक सरकारजमा.

त्या दिवशी ह्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

“बंदूक गेली त मी कोन रायलो?” म्हणाले. “नुसता माळी?”

“मी त नुसती माळीणच हाये,” मी म्हटलं. “माहं काई अडलं का?”

हसले, पण ते वरवरचं. खरं सांगते, हा माणूस वावरातून येताना बंदूक खांद्यावर टाकून असा चालायचा, की बघणाऱ्याला वाटावं नदीसुद्धा ह्याच्याच परवान्याने वाहते. ती ऐट गेली असती, तर उरलेल्या माणसाशी संसार करणं मला जड गेलं असतं.

ह्यांचा जिवाचा मित्र शेषराव लोहार. कापसाच्या गाड्यांची चाकं करणं आणि त्यांना लोखंडी धाव चढवणं हा त्याचा धंदा. तो म्हणाला, “माशी झिजली त माशीच नोको. दुर्बीण लावू.”

दोघं बडनेऱ्याहून गाडीत बसून अकोल्याला गेले आणि भंगाराच्या दुकानातून एक पितळी दुर्बीण धोतरात गुंडाळून घेऊन आले. पूर्वी कुठल्याशा रेल्वेच्या आखणीला जमीन मोजायला आणलेली. ती रेल्वे काही झाली नाही, दुर्बीण मात्र राहिली. तिच्या आत कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक फुली होती. फुली डुकरावर ठेवायची, बस्स. फुली आणि डुक्कर एकाच जागी दिसतात, जवळची-दूरची भानगडच नाही. ह्यांनी डोळा लावून पाहिला आणि दुर्बीण झटकन खाली केली. मग शेषरावाने पाहिलं. त्यानेही खाली केली.

“पाहू द्या ना मले,” म्हणून मी डोळा लावला.

समोर आमची शेजारीण मनकर्णा नदीवरून पाणी आणत होती. पाय वर आभाळात, डोकं खाली, डोक्याखाली घागर, घागरीखाली दुसरी घागर, आणि थेंब सांडत नव्हता! वरून आमची नदी वाहत होती. मी तिथेच रताळ्याच्या वेलांत बसून हसायला लागले. हसता हसता पदर तोंडात कोंबला, तरी आवरेना.

“काहून हासून राहिली?” हे चिडले. “फसवलं त्यानं आमाले. उलटी हाये हे दुर्बीण.”

“फसवलं काहून? सारंच त दिसून राहिलं.”

“उलटं!”

“मंग? आरशात पाहून भांग पाडता का नाई? तिथी डावं-उजवं जमते न तुमाले? आता वर-खाली जमवा.”

शेषरावाने मांडीवर थाप मारली. “वयनी बोलली थे खरं हाये!”

पहिल्यांदा शेषरावाने दुर्बीण तांब्याच्या तारेने बांधली आणि वरून लाख ओतली. ह्यांनी इंगळी चावल्यासारखं तोंड करून घोडा ओढला. धडाम! दुर्बीण उडून वेलांत पडली आणि जाता जाता ह्यांच्या डोळ्यावर आपली निशाणी ठेवून गेली. जमीन मोजणाऱ्या दुर्बिणीला डोळा अगदी चिकटवून बघावं लागतं, आणि जमीन काही धक्का देत नाही. बंदूक देते. ह्यांच्या उजव्या डोळ्याभोवती असं गोल काळंनिळं कडं उठलं, की कुणी कढईच्या बुडाचा शिक्का मारलाय असं वाटावं. शेषराव म्हणाला, पाहू मी झाडून. त्यालाही कडं. दुसऱ्या दिवशी गावातून दोघं जोडीने चालले, तेव्हा बायका विहिरीवरच्या घागरी सोडून बघायला आल्या.

मी काही लोहार नाही, पण डोक्यावर टोपली वाहून माझा जन्म गेला. टोपली डोक्याला टोचू नये म्हणून आम्ही चिंध्यांची चुंबळ करतो. तशीच एक इवलीशी चुंबळ मी जुन्या लुगड्याची वळली आणि दुर्बिणीच्या तोंडावर शिवून टाकली. पुढचा धक्का चुंबळीने खाल्ला. हे म्हणाले, “मऊ हाये.” लग्नाला वीस वर्षं झाली, एवढं कौतुक पहिल्यांदा ऐकलं.

आता राहिली बैठक. तार सैल पडते, लाख तडकते. शेषराव दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी उठला आणि म्हणाला, “जे चाकाले चालते थे दुर्बिणीले काहून नाई चालनार?”

चाकाला धाव चढवतात कशी? लोखंडी कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचं, गोवऱ्यांत लाल करायचं, फुगलं की चाकावर घालायचं आणि वरून पाणी ओतायचं. कडं आवळतं ते जन्मभरासाठी. शेषरावाने एकावर एक दोन बांगड्या जोडाव्यात तशी कडी घडवली. खालच्या बांगडीत नळी, वरच्या बांगडीत दुर्बीण. कडी नळीवर सरकवायला टोकावरची माशी आड येत होती. ह्यांनी कानस घेऊन माशी घासून टाकली आणि उरलेला कण नदीत भिरकावला. “जा!” म्हणाले. आता दुर्बीण बसली नाही, तर नेम धरायला बंदुकीवर काहीच उरलं नव्हतं.

चढवण्याआधी शेषराव मला म्हणाला, “वयनी, नळी आत-भाईर सरकवून पाहा, अन् चिंचेचं झाड चांगलं दिसलं की सांगा.” मी वावरातून रताळ्याची टोपली घेऊन आले होते, ती उतरवली, डोळा लावला, दुर्बिणीची आतली नळी थोडी पुढे, थोडी मागे केली. चिंचेचं पान न् पान दिसायला लागलं. मी म्हटलं, “दिसलं!”

मग लाल कडी, वर पाणी, आणि वाफेत तिघं खोकत उभे. वाफ गेल्यावर पाहिलं तर दुर्बीण अशी पक्की बसली होती, की बैल जुंपले तरी निघाली नसती. शेषराव आनंदाने नाचला. हे नाचले. मग ह्यांनी पुन्हा डोळा लावून नदीकडे पाहिलं आणि नाचायचे थांबले.

कड्याने बाहेरच्या नळीबरोबर आतली नळीही आवळली होती. आता ती ना आत जात होती, ना बाहेर येत होती. लोहाराच्या भात्यापासून चिंचेपर्यंत जेवढं अंतर, तेवढ्यावरचंच लख्ख दिसत होतं. त्याच्या अलीकडे धुकं, त्याच्या पलीकडे धुकं.

शेषरावाचं तोंड एवढंसं झालं. मी टोपली डोक्यावर घेतली आणि घरी जायचंच होतं, म्हणून जाता जाता चिंचेपर्यंत पावलं मोजली. एकशे बावन्न. तिथून ओरडले, “एकशे बावन पावलांवर डुक्कर आलं की मारायचं! त्याले सांगून ठेवा!”

मग हसू कुणालाच आवरलं नाही. शेषरावाने कड्याखाली तांब्याच्या पाचरी ठोकून नेम जुळवला, ह्यांनी चिंचेला गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, टांगून सराव केला. आठव्या दिवशी एकामागोमाग एक चार गंगाफळं फुटली. उलट्या जगात हात कसा न्यायचा, ते हातालाच कळलं होतं. आम्ही आठवडाभर गंगाफळाचीच भाजी खाल्ली.

अठ्ठावीस तारखेला अमरावतीच्या मैदानावर ही गर्दी! पाटील शिंगाचा तुकडा फडक्यात घेऊन पुढेच उभे. साहेब तरणा, नाक लाल, संत्री सोलून खात खुर्चीत बसलेला. शेजारी कारकून. समोर फळीवर कोळशाने काढलेलं डुक्कर. उभं राहायची रेघ साठ पावलांवर आखलेली.

हे रेघेवर गेले, डोळा लावला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान हलवली. हे मागे सरकले.

“कुठी चालले?” कारकून ओरडला.

“मागं,” हे म्हणाले.

लोक हसले. अंतर धरायचं ते डुकरापासून, म्हणून मी फळीपाशी गेले आणि तिथून मोजत निघाले. एक, दोन, तीन... साठावर रेघ मागे पडली. शंभरावर लोक हसायचे थांबले. सव्वाशेवर कुणीतरी शिटी मारली. साहेब संत्र्याची फोड हातात धरून उभा राहिला. कारकुनाने त्याला इंग्रजीत काही सांगितलं. बहुतेक हेच की हा माणूस वेडा आहे. एकशे बावन्नला मी थांबले, टाच मारून खूण केली. हे तिथे बसले.

“दिसते?” मी हळूच विचारलं.

“दिसते, दिसते.”

धडाम! फळीवर काही नाही. मागच्या मातीच्या ढिगातून धूळ उडाली.

पाटील एवढ्या जोरात हसले की त्यांचा फेटा सुटला. “बंदूकवाले! म्हैस आनू काय समोर?”

आता दोनच गोळ्या आणि दोन्ही लागायला हव्यात. मी ह्यांच्याजवळ बसले. ह्यांच्या हनुवटीवरून डिसेंबरच्या थंडीत घाम गळत होता.

“खरं सांगा,” मी म्हटलं. “दिसते का?”

ह्यांनी बंदूक मांडीवर ठेवली. वीस वर्षांत ह्या माणसाने ‘नाही’ म्हणून म्हटलं नव्हतं. माशी झिजली होती, सुईचं भोक बुजलं होतं, पण ह्यांना दिसत होतं.

“नाई दिसत,” हे म्हणाले. “धुकं हाये.”

मला इतका आनंद झाला, की त्या मैदानात, त्या वेळी, तो आनंद होणं काही शोभत नव्हतं. आणि लगेच डोक्यात लख्ख उजेड पडला. गावात मी पावलं मोजली ती डोक्यावर टोपली घेऊन! भरल्या टोपलीखाली बाई लहान लहान, झपझप पावलं टाकते. इथे मी मोकळ्या डोक्याने, नवं लुगडं नेसून, सगळं मैदान बघतंय म्हणून ढांगा टाकत आले होते. आम्ही फार मागे येऊन बसलो होतो.

मैदानाच्या कडेला कौशल्या नावाची एक बाई संत्री विकत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन म्हटलं, “माय, टोपली दे दोन घडीची.”

“संत्र्यासकट?”

“संत्र्यासकटच पायजे. वजन लागते.”

तिने पुढे काही न विचारता टोपली उचलून माझ्या डोक्यावर दिली. मी परत फळीपाशी गेले आणि मोजत निघाले. आता मैदानात हसू म्हणजे काय, नुसता गोंधळ! दोन संत्री घरंगळली, ती एका शिपायाने उचलून परत टोपलीत टाकली. साहेबाने कारकुनाला विचारलं, ही बाई काय करते आहे. कारकुनाला तरी कुठे ठाऊक! एकशे बावन्नला मी थांबले. आधीच्या खुणेपासून तीस पावलं अलीकडे आले होते. ह्यांना हाक मारली. हे आले, बसले, चुंबळीवर डोळा टेकवला.

“अवं!” म्हणाले. “मिश्या काढल्या हायेत डुकराले!”

धडाम! डुकराच्या कपाळात भोक. धडाम! पहिल्या भोकाशेजारी दुसरं.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी टोपलीसकट नाचत होते. शेषराव एका शिपायाला मिठी मारून रडत होता. साहेब धावतच आला, बंदूक हातात घेतली, चुंबळ बोटाने दाबून पाहिली, आणि डोळा लावून पाटलांकडे वळवली. पाटील नेमके तेवढ्याच पावलांवर फेटा गुंडाळत उभे होते. साहेबाने पाहिलं, बंदुकीवरून डोळा काढून पाहिलं, पुन्हा डोळा लावून पाहिलं, आणि पोट धरून खाली बसला. कारकुनाने पाहिलं. तोही बसला. “पाटील डोक्यावर उभे हायेत!” कुणीतरी ओरडलं आणि बघायला रांग लागली.

पाटलांना ते झोंबलं. पुढे येऊन म्हणाले, “साहेब, याचे डोये गेले हायेत! सारं गाव जानते. याले परवाना वाचून दाखवाले सांगा!”

कारकुनाने नवा परवाना पुढे केला. तसाही नियमच होता. आपलं नाव, बापाचं नाव, गाव बरोबर लिहिलं आहे हे वाचून सांगायचं आणि मग सही करायची. ह्यांनी कागद घेतला. हात लांब केला. आणखी लांब केला. हात संपला.

मी मनात म्हटलं, आता हे म्हणतील, शाई फिकी आहे.

“नाई दिसत, साहेब,” हे मोठ्याने म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असे. “जवळचं मले नाई दिसत. दूरचं दिसते. अन् डुक्कर काई नाकावर येऊन बसत नाई.”

कारकुनाने ते साहेबाला समजावलं. साहेब पुन्हा हसला, मग मान हलवून म्हणाला, कुणीतरी वाचून दाखवा, म्हणजे झालं.

“हे वाचते,” ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. “चौथी शिकली हाये चांदूर रेल्वेले. माह्यापेक्षा जास्त.”

मी टोपली उतरवली, कागद घेतला आणि खणखणीत वाचायला लागले. मध्यप्रांत व वऱ्हाड, जिल्हा अमरावती, पिकाच्या रक्षणासाठी एक रायफल, परवानेदाराचं नाव... आणि तिथे मी अडले. नवऱ्याचं नाव! आणि त्यापुढे वल्द, म्हणजे कुणाचा मुलगा, आणि त्यापुढे सासऱ्याचं! दोन्ही एका ओळीत, सरकारी शाईत!

“वाचा न बाई,” कारकून म्हणाला. “नाव बरोबर हाये का नाई, त्याशिवाय सही नाई.”

“घ्या नाव, वयनी!” शेषराव ओरडला. कौशल्या ओरडली. मग शिपाई, मग आमच्या गावातून आलेली सगळी. हे माझ्याकडे बघत होते. उजव्या डोळ्याभोवतीचं कडं अजून पिवळं होतं, आणि सगळ्या मैदानासमोर ‘दिसत नाही’ म्हणून झालं तरी मान ताठच होती. नुसता माळी काय, नुसता माणूस म्हणूनही हा मला चाललाच असता. मी पदर सावरला.

“उलटं डुक्कर, उलटे पाटील, उलटं सारं रान,
सुलट माणूस एकच माहा, चंद्रभान वल्द सूर्यभान!”

“बरोबर हाये,” हे म्हणाले, आणि कारकुनाने दाखवलेल्या जागेपासून चार बोटं खाली सही केली.